पाणी तोडण्याआधी विहीर मोजा

थंडीत फुलणारे झाड म्हटले की पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला आधी संत्राच आठवतो. तिगाव, पांढुर्णा, नरखेड, काटोल, वरुड हा सगळा संत्र्याचा पट्टा. मधून राज्याची सीमा गेली असली तरी बाग आणि बोली दोन्हीकडे सारखीच. संक्रांत उलटली की जानेवारी-फेब्रुवारीत ही झाडे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. हाच आपला आंबिया बहार. नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेल्या आपल्या अनेक कुटुंबांची बाग आज घरची वडीलधारी मंडळी किंवा वाटेकरी सांभाळतात. सुट्टीत गावी गेल्यावर फुले दिसतात, पण त्या फुलांसाठी पाण्याचा केवढा हिशेब करावा लागतो ते सहसा दिसत नाही. तो हिशेब घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवा, कारण तो चुकला तर त्या वर्षीचे पीकच नव्हे, झाडेही धोक्यात येतात.

आधी तहान, मग पाणी

संत्र्याला वर्षभर सारखे पाणी दिले तर झाड पालवी काढत राहते आणि फूल कमी धरते. फूल हवे असेल तर झाडाची वाढ काही दिवस थांबवावी लागते. हे काम थंडी आणि कोरड मिळून करतात. तापमान १३ अंशांच्या खाली राहू लागले की संत्र्याची वाढ जवळपास थांबते. त्यातच पाणी तोडले की झाड नवी पालवी काढत नाही, अन्न फांद्यांत साठवते आणि डोळे फुलाकडे वळतात. यालाच आपण ताण देणे म्हणतो.

आंबियासाठी साधारण डिसेंबरमध्ये पाणी तोडतात. हलक्या, मुरमाड जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, म्हणून तिथे दीड ते दोन महिने लागतात. पानांची चकाकी जाऊन ती फिकट पडली, दुपारी मलूल दिसू लागली, थोडी गळू लागली की ताण बसला असे समजावे. फांद्या शेंड्याकडून वाळेपर्यंत मात्र थांबू नये.

ताण तोडताना एकदम भरपूर पाणी देत नाहीत. आधी हलके पाणी, आठवडाभराने त्याहून थोडे जास्त आणि मग नेहमीचे ओलीत. त्यानंतर नवती आणि फुले सोबतच येतात. मध्येच अवकाळी पाऊस आला तर ताण अर्ध्यावर तुटतो, फूल मागेपुढे येते आणि पुढे फळेही एकसारखी राहत नाहीत. त्यावर कोणाचा इलाज नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात

आंबियाची फळे तोडणीला येतात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार झाली, तरी ती झाडावर हिरवीच असतात. म्हणजे जानेवारीत धरलेले फूल पूर्ण उन्हाळा अंगावर काढते. एप्रिल-मेमध्ये पाण्याचा खंड पडला की फळगळ सुरू होते.

आता आकडे पाहू. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडे बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकनेही दिवसाला १०० लीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. म्हणजे एकराला रोज किमान ११,००० लीटर. आपली विहीर ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट व्यासाची असेल, तर तिच्या एक मीटर पाण्यात २८,००० लीटर मावतात. एका एकरासाठी रोज जवळजवळ ४० सेंटीमीटर पाणी उपसावे लागणार. मेमध्ये रात्रभरात विहीर तेवढी भरते का, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर फुले पाहून जानेवारीत शोधण्यात अर्थ नाही. ते डिसेंबरमध्ये, पाणी तोडण्याआधीच हवे. गेल्या मेमध्ये विहीर रात्रीतून किती चढत होती हे घरात कोणाला तरी आठवत असतेच. यंदापासून ते वहीत लिहून ठेवावे. मेअखेर जेवढ्या झाडांना पाणी पुरेल तेवढ्याच झाडांचा आंबिया घ्यावा. बाकीची मृगासाठी ठेवावीत आणि थंडीत त्यांना अधूनमधून पाणी द्यावे. मृगाचा ताण उन्हाळ्यात, पाणी नसतानाच बसतो आणि फूल पावसाबरोबर येते. पाऊस लांबला तर तो बहार हुकतो, हा त्यातला धोका. एकाच झाडावर दोन्ही बहार घेऊ नयेत, झाड थकते. ज्या झाडावर मृगाची फळे आहेत, त्याला डिसेंबरमध्ये ताण देता येत नाही.

हा हिशेब न करता सगळ्यांनीच सगळ्या बागेचा आंबिया धरला की बोअर खोल जात राहतात. वरुड-मोर्शी भागात भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेला आहे. आपल्या भागाने ते डोळ्यांसमोर ठेवावे.

पाणी द्यायचे कुठे?

संत्र्याची पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या फूटभर मातीत, झाडाच्या घेराखाली पसरलेली असतात. म्हणून पाणी बुंध्याशी नको, घेराच्या कडेकडे हवे. बुंध्याला पाणी साचले की डिंक्या आणि मूळकूज येते. आळे करायचे तर दुहेरी करावे. आतल्या आळ्यात बुंधा कोरडा राहतो आणि पाणी बाहेरच्या आळ्यात फिरते. बुंध्याला बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लीटर पाणी असे प्रमाण घेतात. उन्हाळ्यात घेराखाली वाळलेले गवत किंवा काडीकचरा पसरला तर ओल टिकते. अंगणातल्या एकट्या संत्र्यालाही हेच नियम लागू आहेत.

मात्र थंडीत फुलणाऱ्या प्रत्येक झाडाला तहान लावायची नसते. शिलाँगला नोव्हेंबरमध्ये गुलाबी फुलणारे पद्मकाष्ठ किंवा परदेशातल्या आपल्या काही घरांपुढची हिवाळी चेरी पाहा. चेरीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात. तिथे उन्हाळा कोरडा गेला तर झाडाला, विशेषतः लावल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे, आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यावे. थंडीत जमीन ओलसर असेल तर वेगळे पाणी लागत नाही.

गावाकडे बाग असेल तर या डिसेंबरमध्ये घरी फोन करताना भावासोबत विहिरीचीही चौकशी करा. मेमध्ये किती झाडांना पाणी पुरेल, ते ठरल्यावरच पाणी तोडायला सांगा.