खोंडाची पहिली गाडी

खोंडाचा बैल आपोआप होत नाही. तो घडवावा लागतो. सोलापूर-साताऱ्याकडील खिल्लार खोंड अडीच-तीन वर्षांचा झाला, की त्याच्या मानेवर प्रथम जू येते. त्याच दिवसांत त्याला भरल्या गाडीला जुंपले, तर पाठीमागच्या खडखडाटाने तो बुजतो, आणि ही भीती पुढे सहजी जात नाही. म्हणून आधी नुसते जू, मग ओढावयास ओंडका आणि नंतर घरीच जुळविलेली हलकी गाडी, हा क्रम हिताचा.

या गाडीला जुनी चाके, बाभळीचा कणा, बसण्यापुरती फळी आणि मागचे पाय चाकाला लागणार नाहीत इतकी लांब दांडी पुरे. खरी पारख तोलाची. वजन कण्यापुढे फार आले, तर कोवळी मान दबते. मागे गेले, तर गाडी उलाळ होते, जू उचलले जाते व जुपणी गळ्याला काचते. जोडीला मुरलेला, शांत बैल असावा. फेरी लहान असावी. वजन हळूहळू वाढवावे. खांदा सोललेला दिसताच जू उतरवावे. आठवड्याच्या घाईने आलेली अढी बैल जन्मभर विसरत नाही.