धातूची काच गरम असताना लाटली तर

मागच्या व्याख्यानात आपण धातुकाच म्हणजे काय ते पाहिलं. वितळलेला मिश्रधातू इतका झटकन थंड करायचा, की अणूंना स्फटिकाच्या रांगा लावायला वेळच मिळू नये. १९६० मध्ये कॅलटेकमध्ये पोल ड्युवेझ आणि सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनवर हे साधलं. १९९३ मध्ये तिथंच झिर्कोनियमवर आधारलेला ‘व्हिट्रेलॉय १’ जाहीर झाला. त्याची ताकद साधारण १९०० मेगापास्कल. साधं माइल्ड स्टील २५०च्या आसपास वाकायला लागतं.

मग पूल याचे का बांधत नाहीत? कारण ओढल्यावर हा पदार्थ आधी सूचना न देताच तुटतो. सगळी विकृती काही नॅनोमीटर जाडीच्या एका कातरपट्ट्यात गोळा होते आणि तिथूनच तुकडा पडतो.

थंड असताना रुळांखालून काढला, तर एकाऐवजी असंख्य पट्टे तयार होतात, अणूंची मांडणी सैल होते. ताकद किंचित उतरते, पण तुकडा वाकायला तयार होतो.

आता गरम करून लाटू. इथं दोन गोष्टींची ओढाताण सुरू होते. लाटण्यानं मांडणी सैल होते, तर उष्णतेनं अणू सरकून घट्ट बसतात. उष्णता जिंकली, तर कठीणपणा थोडा वाढतो आणि चिवटपणा जातो. म्हणजे आकडा चांगला, पण पत्रा ठिसूळ!

व्हिट्रेलॉय १ साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या वर गेला की घट्ट पाकासारखा वाहू लागतो. चिक्की कोमट असतानाच लाटतात, तसंच हे. पट्टे न पडता पातळ पत्रा निघतो. पण पाक जसा साखरतो, तसे इथंही रेंगाळलो तर स्फटिक धरतात. तापमान जितकं जास्त, तितका हातातला वेळ कमी. स्फटिक बरेच झाले, की वाकवताच पत्रा मोडतो.

म्हणून गरम लाटलेल्या पत्र्याची नुसती ताकद विचारून भागत नाही. किती अंशांवर लाटला, किती मिनिटं तापलेला होता आणि नंतर किती वेगानं थंड केला, हेही विचारायला हवं. एक्स-रे तपासणीत स्फटिक दिसतील. अणू घट्ट बसल्यामुळे आलेला ठिसूळपणा मात्र तिथं सहज दिसत नाही. त्यासाठी पत्रा वाकवूनच पाहावा लागतो.