निरपराध्यास क्षमा

मुंबईचे एक पारशी गृहस्थ, शापूरजी एडलजी, ख्रिस्ती धर्म स्वीकारून विलायतेस गेले व स्टॅफर्डशायर परगण्यांतील ग्रेट वर्ली या गांवीं धर्मोपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅम शहरीं सॉलिसिटर होता. १९०३ सालीं त्या भागांत रात्रीं घोडीं, गुरें, मेंढ्या यांचीं पोटें फाडण्याचे क्रूर प्रकार घडूं लागले; निनावी पत्रेंहि फिरूं लागलीं. ऑगस्टमध्यें एक तट्टू जखमी सांपडलें आणि पोलिसांनीं जॉर्जला पकडलें.

मुलगा त्या रात्रीं आपल्याच खोलींत निजला होता व दाराला कुलूप होतें, असें वडिलांनीं शपथेवर सांगितलें. जॉर्ज कोठडींत असतांनाहि जनावरांवरील हल्ले थांबले नाहींत. तरीहि ज्यूरीनें त्याला दोषी ठरविलें. शिक्षा झाली सात वर्षें सक्तमजुरीची. पत्रें त्याच्याच हातचीं आहेत असें सांगणारा हस्ताक्षरतज्ज्ञ कोण? ॲडॉल्फ बेक या निरपराध माणसाविरुद्ध १८९६ सालीं ज्यानें साक्ष दिली होती, तोच!

यापुढील गोष्टीचें श्रोत्यांना नवल वाटेल. हिंदुस्थानांत १८८२ च्या फौजदारी कायद्याप्रमाणें, ज्यूरीशिवाय चाललेल्या खटल्यांत सेशन्स जज्जानें दिलेल्या शिक्षेवर हायकोर्टांत अपील करतां येई व तेथें पुरावाहि पुन्हा तपासला जाई. विलायतेंत ही सोय नव्हती. न्यायाधीशाच्या मनांत आलें तर कायद्याचा एखादा मुद्दा वरिष्ठ न्यायाधीशांपुढें जाई. पण पुराव्याच्या बाबतींत ज्यूरी चुकली, तर गृहमंत्र्याकडे दयेचा अर्ज करण्यावांचून गत्यंतर नसे. अपराध केलाच नाहीं, त्यानें क्षमा मागावयाची!

जॉर्जसाठीं अर्ज झाले, हजारों सह्या झाल्या. १९०६ च्या ऑक्टोबरमध्यें, तीन वर्षांनीं, त्याला सोडण्यांत आलें. कां, हें कोणी सांगितलें नाहीं. मग शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनीं हें प्रकरण हातीं घेतलें. ते स्वतः डॉक्टर असून नेत्ररोगांचा त्यांनीं अभ्यास केला होता. लंडनच्या एका हॉटेलांत जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांशीं नेऊन, तिरपें धरून वाचीत असलेला त्यांनीं दुरूनच पाहिला. असा मनुष्य काळोख्या रात्रीं शेतें व आगगाडीचे रूळ ओलांडून कसा जाईल? १९०७ च्या जानेवारींत त्यांनीं ‘डेली टेलिग्राफ’मध्यें हें सारें मांडलें.

सरकारनें समिति नेमली. मे महिन्यांत निकाल लागला तो असा : तट्टू जॉर्जनें मारलें नाहीं, म्हणून क्षमा, पण पत्रें त्याचींच, म्हणून संकट त्यानेंच ओढवून घेतलें आणि म्हणून भरपाई नाहीं. बेकला पांच हजार पौंड मिळाले होते. खुलें न्यायासन असतें, तर एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें काढून घेण्याचा हा प्रकार इतका सहज निभावला नसता.

त्याच वर्षीं पार्लमेंटनें फौजदारी अपिलाचा कायदा केला व १९०८ पासून तें न्यायालय सुरू झालें. तेथें वस्तुस्थितीच्या प्रश्नावरहि, परवानगी घेऊन, दाद मागतां येऊं लागली. बेक व एडलजी यांच्या हालांचा या कायद्यास मोठा हातभार लागला. जॉर्जचा स्वतःचा खटला मात्र त्या न्यायालयापुढें कधींच आला नाहीं. वकिलीची सनद त्याला परत मिळाली व तो १९५३ पर्यंत जगला. भरपाईची दिडकीहि त्याच्या हातीं पडली नाहीं.