संध्याकाळचा टाइमलॅप्स लुकलुकतोय? दोष प्रकाशाचा नाही, कॅमेऱ्याच्या दर वेळच्या निर्णयाचा

धारवाड : सप्तापुरात आमच्या गच्चीसमोर एक जुनं कौलारू घर होतं. ते पाडून इमारत उठणार असं कळलं, तेव्हा मी घाईनं ट्रायपॉड लावला. ऊन उतरल्यापासून क्लासेसच्या पाट्यांचे दिवे लागेपर्यंत ९०० फोटो काढले. व्हिडिओ जोडून बघतो तर चित्र बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकतंय! पुन्हा काढू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी कौलं उतरवलेली.

लग्न, यात्रा, विसर्जन यांचं शूटिंग करणारी आपल्या भागातली मुलंही हीच अडचण सांगतात. म्हणून नंतर जे शिकलो ते इथं मांडतो.

प्रकाश किती झपाट्यानं उतरतो?

आपल्याकडे सूर्य जवळपास सरळ खाली जातो, त्यामुळे संधिप्रकाश थोडा वेळच टिकतो. सूर्यास्तानंतरच्या वीस-बावीस मिनिटांत उजेड साधारण शंभर पटीनं कमी होतो, म्हणजे दर तीन-साडेतीन मिनिटांनी निम्मा. लंडनला जूनमध्ये याच टप्प्याला पाऊण तास लागतो. तिकडचे व्हिडिओ बघून तीच गती इथं धरली तर हिशेब चुकतो.

लुकलुक येते कुठून?

१. ऑटो एक्स्पोजर : कॅमेरा प्रत्येक फोटोला उजेड नव्यानं मोजतो. एखाद्या बसचा हेडलाइट समोर आला की तो फोटो काळपट, पुढचा परत उजळ.

२. अॅपर्चर : लेन्समधल्या पात्या प्रत्येक फोटोला मिटतात आणि पुन्हा उघडतात. दर वेळी त्या अगदी त्याच जागी थांबत नाहीत. फरक केसाएवढा असतो, एका फोटोत दिसत नाही. पण सेकंदाला २५ फोटो पळाले की डोळ्याला खुपतो. सगळं मॅन्युअल ठेवूनही लुकलुक राहिली तर पहिला संशय इथं घ्या.

३. ऑटो व्हाइट बॅलन्स : आकाश एका फोटोत निळं, पुढच्यात पिवळट.

४. रस्त्यावरचे दिवे : आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर फार वेगवान असेल तर दिवा कधी तेजीत सापडतो, कधी मंदीत.

५. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर : ऑटोवर काम करताना मागून उजेड आत शिरला तर मोजमाप बिघडतं. तो झाकून ठेवा.

मग करायचं काय?

मोड मॅन्युअल, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर कायम, फोटो रॉमध्ये. अॅपर्चर लेन्सचं सगळ्यात मोठं ठेवा. तिथं पात्यांना हलावंच लागत नाही. हातानं अॅपर्चर फिरवायची जुनी लेन्स असेल तर आणखी बरं.

समजा अॅपर्चर एफ २.८ आहे. सुरुवात शटर १/१००० आणि आयएसओ १०० वर. अंधारेल तसं आधी फक्त शटर वाढवत २ सेकंदांपर्यंत न्या, मग आयएसओ ४०० पर्यंत. एवढ्यात सुमारे ८,००० पट फरक सांभाळला जातो, शहराच्या रात्रीला तो बहुधा पुरतो. एका वेळी १/३ स्टॉपचा एकच खटका द्यायचा. उजेड सगळ्यात वेगानं उतरतो तेव्हा साधारण दर मिनिटाला एक. खटका दोन फोटोंच्या मधल्या वेळेत द्या आणि ट्रायपॉड हलू देऊ नका. दिवे लागल्यावर शटर १/५० पेक्षा वेगवान नको.

दर ६ सेकंदांना एक फोटो धरला तर दीड तासात ९०० फोटो, म्हणजे ३६ सेकंदांचा व्हिडिओ. शटर २ सेकंदांचं झालं तरी फोटो कार्डवर उतरायला ४ सेकंद उरतात.

या खटक्यांच्या पायऱ्या व्हिडिओत दिसतीलच, पण त्याला घाबरू नका. प्रत्येक फाइलमध्ये सेटिंगची नोंद असते. एलआरटाइमलॅप्ससारखं सॉफ्टवेअर ती वाचून पायरी सपाट करतं. जमाखर्च मांडलेला असला की फरक शोधता येतो. ऑटोचे उलटसुलट झटके निस्तरणं त्याहून कटकटीचं.

मोबाइल असेल तर सोपा मार्ग : उजेडाची एक क्लिप आणि अंधाराची दुसरी, दोन्ही एक्स्पोजर लॉक करून घ्या. नंतर एकीत दुसरी हळूच मिसळा.

सगळी लुकलुक पुसू नका

ढग सूर्यावरून गेला, मध्येच लाइट गेली आणि आली, हे खरंच घडलेलं असतं. ते त्या संध्याकाळचं आहे, ते राहू द्या. काढायची ती फक्त कॅमेऱ्यानं घातलेली भर.

आणि एक सांगणं : महत्त्वाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, त्याच जागेवरून एकदा रंगीत तालीम कराच. माझ्या ९०० फोटोंतले एकेक सुटे फोटो चांगले आहेत, ते जपून ठेवलेत. पण त्या घरावर उतरलेली संध्याकाळ काही सलग बघता येत नाही.