डेंग्यूचा डास पिंपाच्या काठावर

डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव अशी धरणं उशाशी असलेल्या आंबेगाव-जुन्नरमध्ये डास वाढले की बोट कालव्याकडे जातं. मलेरियाच्या अ‍ॅनोफिलिसबाबत ते बरंचसं खरं आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती मात्र घरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि चावतो दिवसा.

त्याची मादी पाण्यालगतच्या ओलसर कडेला खसखशीहून बारीक, काळी अंडी चिकटवते. पिंप कोरडं पडलं तरी ती महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या बाहेर. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतून काथ्याने खसाखसा घासायलाच हवं. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून पिंपं रिकामी करून, घासून सुकवायचा ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत.

याच पुणे जिल्ह्यात, पुरंदरमधल्या बेलसरला, जुलै 2021 मध्ये राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. झिकाचाही वाहक एडिसच.

चावल्यावर खाज सुटते ती मादीच्या लाळेमुळे. साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा. खाजवून जखम करू नका. ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं, पण डेंग्यूची शंका असेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नकोच. रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरताना पोट दुखू लागलं, सतत उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक दवाखाना गाठा. डेंग्यू जिवावर बेततो तो बहुधा याच वेळी.