थीम पार्कची गार संध्याकाळ आणि पिशवीतले कोरडे कपडे

डिसेंबर उजाडला की शाळांच्या सहली, नाताळची सुट्टी आणि ऑफिसातल्या मंडळींची कौटुंबिक सहल हे सगळे एकदमच येते. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या 'इमॅजिका'सारख्या थीम पार्कमध्ये या दिवसांत तोबा गर्दी असते. घरून निघताना कोणत्या राइडची रांग आधी लावायची, याचा बारकाईने विचार होतो. कपड्यांचा निकाल मात्र एका वाक्यात लागतो : "स्वेटर कशाला? दुपारी घामाघूम व्हाल." दुपारपुरते हे खरेही असते. अडचण सूर्य कलल्यावर सुरू होते.

दिवसभर धावलेली, पाण्याच्या राइडमध्ये भिजलेली आणि भुकेजलेली मुले संध्याकाळी परेड बघायला मोकळ्यावर उभी राहतात. दातावर दात आपटू लागतात, ओठ निळसर दिसू लागतात आणि "घरी चला"चा धोशा सुरू होतो. बहुतेकांची ही हुडहुडी गाडीत बसल्यावर थांबते. पण दमा असलेले मूल, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा किंवा तान्हे बाळ सोबत असेल, तर हा तास-दीड तास महागात पडू शकतो. आणि तो टाळणे अगदी सोपे आहे.

दुपारी तीस, रात्री पंधरा

आपल्याकडचा हिवाळा फसवा असतो. डिसेंबर-जानेवारीत घाटाच्या पायथ्याला दुपारी पारा तिशीला टेकतो आणि पहाटेपर्यंत पंधराच्या आसपास उतरतो. घाटावर, पुणे-नाशिककडे, तो दहा-बारापर्यंतही खाली येतो. याला कारण निरभ्र आकाश आणि कोरडी हवा. पावसाळ्यात ढग आणि हवेतले बाष्प जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरतात. जमिनीवर जणू पांघरूण असते. हिवाळ्यात हे पांघरूण निघून जाते. ऊन उतरताच जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडते आणि थोड्याच वेळात हवा पालटते. थीम पार्कचा बराचसा भाग मोकळे मैदान असतो, म्हणून तिथे हा बदल जास्त जाणवतो.

तरीही वीस अंशांच्या हवेत कोरड्या, पोट भरलेल्या आणि चालत्या माणसाला साधा सदरा पुरतो. त्याच हवेत ओला, दमलेला आणि रांगेत उभा असलेला माणूस कुडकुडतो. फरक पडतो तो ओलाव्याने आणि वाऱ्याने.

माठातले पाणी आणि अंगावरचा शर्ट

माठातले पाणी गार का होते, हे शाळेत सगळेच शिकतात. बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. ओला शर्ट अंगावर राहिला की शरीराचाच माठ होतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. पिळून पुन्हा अंगात घातलेल्या टी-शर्ट आणि पँटमध्ये मिळून २०० मिलिलिटर पाणी उरले असे धरू. ते वाळायला सुमारे ११५ किलोकॅलरी हव्यात. त्यातला काही वाटा हवेकडून येतो, पण बराचसा अंगातून जातो. मध्यम बांध्याचा माणूस स्वस्थ बसलेला असताना तासाला साधारण ७० किलोकॅलरी उष्णता तयार करतो. म्हणजे हा हिशेब त्याच्या दीड तासाच्या कमाईपेक्षाही मोठा आहे. लहान मुलाची कमाई तर त्याहून कमी.

दुसरी गोष्ट, पाणी हे हवेच्या सुमारे २५ पट चांगले उष्णतावाहक आहे. कपड्याची ऊब धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेतून मिळते. तिची जागा पाण्याने घेतली, की कपडा जाड असूनही उपयोगाचा राहत नाही. जीन्स हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ती भरपूर पाणी पिते, लवकर वाळत नाही आणि पायांना चिकटून बसते.

तिसरा वारा. आपल्या त्वचेला लागून गरम हवेचा एक पातळ थर असतो आणि वारा तो सतत उडवून नेतो. हवामानशास्त्रज्ञांच्या सूत्रानुसार १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी ६ अंशांसारखी जाणवते. खोपोलीहून जुन्या महामार्गाने रात्री दुचाकीवर लोणावळ्याकडे परतणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. या चढणीत साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची वाढते आणि तेवढ्याने हवा साधारण तीन ते साडेतीन अंशांनी गार होते. त्यात पुढे बसलेले ओल्या केसांचे मूल सगळा वारा अंगावर घेत असते.

गोधडीचे शास्त्र

आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवलेले असतात. कापड पातळ, पण थरांमध्ये अडकलेली हवा रात्रभर ऊब देते. कपड्यांचेही तसेच आहे. १९४१ साली शास्त्रज्ञांनी कपड्यांची ऊब मोजायला 'क्लो' हे एकक सुचवले. २१ अंश तापमानात, वारा जवळजवळ नसताना, स्वस्थ बसलेल्या माणसाला आरामशीर ठेवणारे कपडे म्हणजे १ क्लो. पुरुषाचा पूर्ण सूट साधारण तेवढा असतो. अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि पातळ पँट जेमतेम अर्धा क्लो देतात. सहलीला बहुतेक जण याच वेषात जातात.

म्हणून एकच जाडजूड जॅकेट नेण्यापेक्षा तीन हलके थर न्यावेत. अंगालगत पटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट, खेळाडू वापरतात तसा. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा शोषूनही ओली वाटत नाही, हा तिचा मोठा गुण. सगळ्यात वर वारा अडवणारा पातळ विंडचीटर. दुपारी फक्त आतला थर पुरे. पाण्याच्या शेवटच्या राइडनंतर कपडे पूर्ण बदलावेत, अंतर्वस्त्रे आणि पायमोज्यांसकट. केस पंचाने खसखसून पुसावेत. ऊन उतरताना, थंडी वाजायची वाट न बघता स्वेटर चढवावा. एकदा अंग गारठले की पुन्हा ऊब यायला बराच वेळ लागतो.

कृत्रिम बर्फाच्या दालनात जायचे असेल तर ते अंग पूर्ण कोरडे असताना. तिथला जाड कोट ओल्या शर्टावर चढवून फारसा फायदा नाही.

सुट्टीत परदेशी जाणाऱ्यांनाही हेच लागू पडते. अमेरिकेतील फ्लोरिडा म्हणजे ऊन, असे समजून ऑर्लँडोला गेलेले जानेवारीच्या रात्री दहाच्या आसपास उतरलेल्या पाऱ्याने चकित होतात. टोकियोचे डिस्नेलँड तर समुद्राकाठी आहे. तिथे जानेवारीच्या रात्री तापमान शून्याच्या जवळ जाते आणि वर खाडीवरचा वारा असतो. तिथे थरांबरोबर हातमोजे आणि कानटोपीही हवी.

कानटोपीवरून आठवण होते ती एका जुन्या समजाची : निम्मी उष्णता म्हणे डोक्यातूनच जाते. प्रौढ माणसाच्या डोक्यातून साधारण ७ ते १० टक्केच उष्णता जाते, कारण शरीराच्या पृष्ठभागात डोक्याचा वाटाही तेवढाच असतो. तान्ह्या बाळात मात्र डोके आणि मान मिळून हा वाटा जवळपास पाचव्या हिश्शाइतका असतो. त्यामुळे बाळाला कानटोपी हवीच.

भिजल्याने सर्दी होते का?

सर्दी विषाणूंमुळे होते. गर्दीत खोकणारा शेजारी आणि सगळ्यांचे हात लागलेली राइडची दांडी ही तिची खरी वाट. पण "भिजू नकोस, सर्दी होईल" हे आईचे बोलणे अगदीच निराधार नसावे. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी १८० जणांवर केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. ९० जणांनी २० मिनिटे गार पाण्यात पाय बुडवले, उरलेल्यांनी रिकाम्या भांड्यात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातील १३ जणांनी आणि दुसऱ्या गटातील ५ जणांनी सर्दी झाल्याचे सांगितले. ही मोजदाद लोकांच्या सांगण्यावर होती, विषाणूंची तपासणी केलेली नव्हती. गारठ्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच शिरलेल्या विषाणूला वाव मिळतो, असा संशोधकांचा तर्क आहे. तेव्हा कोरडे कपडे आणि साबणाने धुतलेले हात, दोन्ही हवेत.

कोणाला जास्त जपावे?

लहान मुले : वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. खेळाच्या नादात ती सांगतही नाहीत. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. त्याचे हात-पाय गार लागणे एवढ्यावरून अंदाज बांधू नये. छातीला किंवा पाठीला हात लावून बघावे. तिथे गार लागले तर बाळ खरोखर गारठले आहे. गुंडाळताना नाक-तोंड झाकले जाणार नाही, हे पाहावे.

दमेकरी : गार, कोरड्या हवेत धावल्यावर श्वासनलिका आकसतात. श्वासावाटे घ्यायचे औषध लॉकरमध्ये ठेवू नये, खिशात ठेवावे. चालताना नाकावर रुमाल धरला तर आत जाणारी हवा थोडी उबदार होते.

हृदयविकार आणि रक्तदाब : थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. संध्याकाळी पोटभर जेवून लगेच पार्किंगपर्यंतचा चढ घाईने चढू नये. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणे, घाम सुटणे, यांतले काहीही झाले तर "गॅस असेल" म्हणून थांबू नये.

ज्येष्ठ : वयाबरोबर थंडीची जाणीव बोथट होते, कुडकुडणेही कमी होते. "मला नाही वाजत" या उत्तरावर न जाता शाल त्यांच्या खांद्यावर टाकावी. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी ओले मोजे आणि ओले बूट लगेच बदलावेत, कारण त्यांना ओल आणि जखम दोन्ही कळत नाहीत.

मफलर राइडवर नको

ऊबदार कपड्यांचा एक धोकाही आहे. मफलर, ओढणी, शाल, जॅकेटची लोंबती दोरी हे फिरत्या यंत्रात अडकू शकते. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन हिचा १९२७ साली फ्रान्समधील नीस शहरात असाच अंत झाला. गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकला होता. आपल्याकडे दुचाकीच्या चाकात ओढणी अडकून मानेला झालेल्या जखमा डॉक्टरांना नव्या नाहीत. गो-कार्ट, आकाशपाळणा, रोलर कोस्टर यांवर बसण्याआधी गळ्याभोवतीचे सगळे काढून ठेवावे. गळ्यापर्यंत चेन असलेला स्वेटर मफलरचे काम करतो आणि लोंबतही नाही.

गारठा लागलाच तर

शरीराचे तापमान एरवी ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली गेले तर ती वैद्यकीय आणीबाणी. आपल्याकडच्या हवेत निरोगी माणसावर अशी वेळ क्वचितच येते, पण लक्षणे ठाऊक असावीत. जोरात कुडकुडणे, बटण लावता न येणे, अडखळत चालणे, बरळणे, गुंगी येणे. कुडकुडणारे मूल अचानक शांत झाले आणि पेंगू लागले, तर ते सावरले असे समजू नये; शरीराची ताकद संपत आल्याची ती खूण असू शकते.

अशा वेळी आधी वाऱ्यापासून आडोसा शोधावा, ओले कपडे काढून अंग कोरडे करावे, डोक्यासकट गुंडाळावे आणि मुलाला छातीशी धरावे. हातपाय जोरात चोळू नयेत, गरम पाण्याची पिशवी थेट त्वचेवर ठेवू नये. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम, गोड पेय द्यावे. गुंगी किंवा बरळणे दिसले तर पार्कच्या प्रथमोपचार केंद्राला कळवावे आणि १०८ ला फोन करावा.

चहाबद्दलही थोडे. साठ अंश तापमानाचा दीडशे मिलिलिटर चहा अंगाला जेमतेम साडेतीन किलोकॅलरी उष्णता देतो. त्यातल्या दोन चमचे साखरेत याच्या दहापटींहून जास्त ऊर्जा असते. कुडकुडायला इंधन लागते, म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास मुलांना पोळीचा रोल, केळे, शेंगदाण्याचा लाडू असे काही खाऊ घालावे. मधुमेह्यांनी साखर टाळून खावे. थंडी घालवायला दारू मात्र नको. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्याचा भास होतो आणि आतली उष्णता बाहेर जाते.

निघण्याआधी पिशवीत माणशी एवढे ठेवावे : कपड्यांचा एक कोरडा जोड, कोरडे पायमोजे, पंचा, स्वेटर आणि विंडचीटर. ओले कपडे ठेवायला प्लॅस्टिकची एक वेगळी पिशवी, म्हणजे कोरडे कोरडेच राहतील. नेहमीची औषधे हाताशी. एवढे ओझे लॉकरमध्ये सहज मावते आणि परेड शेवटपर्यंत बघता येते.