मुंबई हुंड्यात मिळाली, पण ताब्यात यायला साडेतीन वर्षं का लागली?

'पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना हुंड्यात दिली' हे वाक्य आपण शाळेत पाठ केलं. करार झाला २३ जून १६६१ रोजी. प्रत्यक्ष ताबा मिळाला १८ फेब्रुवारी १६६५ रोजी. मधल्या काळात शेकडो इंग्रज सैनिकांचा जीव गेला आणि तोही लढाई न होता.

नेमकं काय घडलं?

राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाच्या करारात मुंबई होती. सर अब्राहम शिपमन सुमारे ४०० सैनिकांसह सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबईसमोर पोहोचले. पोर्तुगीजांनी बेट द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, शिपमन यांची कागदपत्रं बरोबर नाहीत. शिवाय इंग्रज साष्टी आणि ठाणेही मागत होते, पोर्तुगीज मात्र फक्त मुंबई बेट म्हणत होते. थोडक्यात, जमिनीच्या व्यवहारात चतुःसीमाच स्पष्ट नव्हत्या. आपल्याकडे सातबाऱ्यावरून भांडणारे हे लगेच समजू शकतील.

सुरतेला का गेले नाहीत?

तिथे कंपनीची वखार होती, पण शहर मुघलांचं. एवढी फौज उतरली तर व्यापार बुडेल, ही वखारीच्या अधिकाऱ्यांची भीती. मग ही तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर गेली. रोगराई, अपुरं अन्न आणि पावसाळा यांनी तिला संपवलं. १६६४ मध्ये खुद्द शिपमन तिथेच वारले. त्यांचे सचिव हंफ्री कुक यांच्यासोबत उरले जेमतेम शंभरेक सैनिक.

कुक यांनी पोर्तुगीजांच्या अटी मान्य केल्या आणि मोठ्या मागण्या सोडल्या. ताबा घेताना त्यांनी हातात माती आणि दगड घेतले, ही तेव्हाची कायदेशीर पद्धत. हा विधी झाला ते घर पूर्वी वैद्य आणि वनस्पतीतज्ज्ञ गार्सिया द ओर्ता यांचं होतं. त्याच जागी पुढे बॉम्बे कॅसल उभा राहिला.

मग राजाला काय मिळालं?

डोकेदुखी. खर्च जास्त, उत्पन्न कमी. २७ मार्च १६६८ च्या सनदेने चार्ल्सने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. अमेरिकेतही इंग्रजांची सुरुवात अशीच अडखळत झाली होती. रोअनोक बेटावर १५८७ मध्ये वसवलेली वसाहत १५९० पर्यंत पूर्ण ओस पडली होती.

मुंबईची भूक मात्र पुढे मुळशीपर्यंत पोहोचली. उरवड्याच्याच तालुक्यातल्या मुळशी धरणाच्या पाण्यावर तयार होणारी वीज मुंबईसाठीच होती. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला. त्या जमिनीचा करारही इथल्या शेतकऱ्यांनी केला नव्हता.

अंजदीव आज गोव्यात मोडतं आणि नौदलाच्या ताब्यात आहे.